पूल रिकामा करू नका, आधी अल्कलिनिटी उतरवा : क्लबच्या व्यवस्थापन समितीला खुलं पत्र

मा. अध्यक्ष, सचिव आणि व्यवस्थापन समितीचे सर्व सदस्य यांस,

सप्रेम नमस्कार.

नोटीस बोर्डावरची तुमची सूचना वाचली. स्विमिंग पूल पूर्ण रिकामा करायचा, सॉल्ट क्लोरिनेटर (मिठाच्या पाण्यातून वीज सोडून क्लोरीन बनवणारं मशीन) काढून टाकायचा, पूल पुन्हा भरायचा आणि यापुढे क्लोरीनच्या गोळ्यांवर चालवायचा असं ठरलंय. कारण असं दिलंय की मिठाच्या पाण्यामुळे पीएच सतत वाढतो, पाणी गढूळ होतं आणि मशीन सारखं बंद पडतं. यातली तक्रार खरी आहे, निदान मात्र साफ चुकलंय. पीएच वाढतोय, पाणी दुधाळ दिसतंय, मशीन बंद पडतंय, सगळं मान्य. पण दोष मिठाचा नाहीये. आपल्या पाण्याची अल्कलिनिटी, म्हणजे आम्ल पचवायची ताकद, खूप जास्त आहे, आणि ती नुसती आपोआप जास्त राहिलेली नाही तर आपणच ती परत परत वाढवतोय. हे मी सचिवांना तोंडी सांगितलं, नंतर मेल केला, उत्तर आलं की पूलची देखभाल करणारी एजन्सी बघतेय. एजन्सी काय बघतेय ते मी लॉगबुकात पाहिलंय, म्हणून आता सगळ्या सभासदांसमोर लिहितेय.

माझा यात काय संबंध ते आधी सांगते. माझी नोकरी बॉयलर आणि कूलिंग टॉवरच्या पाण्याच्या ट्रीटमेंटची आहे, पीएच, अल्कलिनिटी, हार्डनेस, क्षार हे माझं रोजचं काम. आणि घरची बाजू म्हणजे माझ्या आईचे गुडघे. तिला डॉक्टरांनी पाण्यातले व्यायाम सांगितलेत, जमिनीवर जे पाऊल टाकताना ती कळवळते तेच पाऊल पाण्यात सहज टाकते, आणि पूल बंद राहिला की आठवड्याभरात तिचा जिना चढणं बंद होतं. माझा मुलगा लहान मुलांच्या बॅचला आहे, तो डोळे लाल करून घरी येतो. त्यामुळे पूल किती दिवस बंद राहणार आणि पुन्हा उघडल्यावर त्यात कसलं पाणी असणार हे दोन्ही प्रश्न माझ्यासाठी कागदावरचे नाहीत.

आता मुद्द्यावर येते. पीएच आणि अल्कलिनिटी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि आपल्याकडे सगळा घोळ या दोन्ही एकच समजल्यामुळे झालाय. पीएच म्हणजे पाणी या क्षणाला किती आम्लधर्मी किंवा अल्कधर्मी आहे तो आकडा. अल्कलिनिटी म्हणजे पाण्यात आम्ल पचवायची ताकद किती आहे ते, आणि पूलच्या पाण्यात ही ताकद मुख्यतः बायकार्बोनेटची असते. आता हे बायकार्बोनेट जितकं जास्त तितका त्याच पीएचला पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड जास्त, आणि हवेत तो फार कमी असतो म्हणून पाण्यातून तो सतत बाहेर पडत राहतो. सोड्याची बाटली उघडल्यावर गॅस निघून जातो तसाच, फक्त हळूहळू आणि दिसत नाही एवढंच. कार्बन डायऑक्साइड पाण्यात असताना आम्लासारखं काम करतो, तो गेला की पीएच वर चढतो, पण अल्कलिनिटी मात्र आहे तिथेच राहते. म्हणजे अल्कलिनिटी चढी ठेवली की पीएच चढणारच, तुम्ही आज ॲसिड टाकून तो खाली आणा, चार दिवसांनी परत वर.

मग मिठाचं काय? मिठाच्या पाण्यातून वीज गेली की सेलमध्ये, म्हणजे मशीनच्या धातूच्या पट्ट्या असलेल्या भागात, क्लोरीन तयार होतो आणि त्यावेळी पाणी थोडं अल्कधर्मी होतं हे खरं आहे. पण तोच क्लोरीन जंतू मारण्यात किंवा उन्हाने खर्च होतो तेव्हा तेवढंच आम्ल परत तयार होतं, त्यामुळे तो हिशोब जवळजवळ बरोबरीत सुटतो. सॉल्ट सिस्टीमचा खरा हातभार असतो तो बुडबुड्यांचा. सेलमधून हायड्रोजनचे अगदी बारीक बुडबुडे निघतात, ते पाणी ढवळतात आणि जाता जाता कार्बन डायऑक्साइडला बाहेर काढतात. म्हणून मिठाच्या पूलमध्ये अल्कलिनिटी साध्या पूलपेक्षा कमी ठेवायची असते, 60 ते 80 पीपीएम (दर दहा लाख भागांत इतके भाग). आपल्या पूलचा आकडा मी माझ्या थेंब मोजायच्या किटवर पाहिला तर 180 निघाला. मिठाने काही बिघडवलं असेल तर ते एवढंच की आपण लपवून ठेवलेला दोष त्याने लवकर दाखवला.

आता तक्रारी एकेक करून मांडते.

पहिली आणि सगळ्यात मोठी तक्रार ही की आपण एका हाताने ॲसिड टाकतोय आणि दुसऱ्या हाताने खायचा सोडा. हे मी अंदाजाने म्हणत नाहीये, पंप रूममधल्या लॉगबुकात दोन्ही नोंदी आहेत, कधी कधी एकाच पानावर. कारण भिंतीवर जो छापील तक्ता चिकटवलाय त्यावर अल्कलिनिटी 80 ते 120 असं लिहिलंय, आणि शेजारी पेनाने कोणीतरी "कमीत कमी 150 ठेवा, पीएच स्थिर राहतो" असं लिहून ठेवलंय. बिचारा ऑपरेटर ते वाचून काम करतो. पीएच चढला की ॲसिड टाकतो, ॲसिडने अल्कलिनिटी थोडी उतरते, ती 150 च्या खाली आली की तो सोडा ओततो, सोड्याने अल्कलिनिटी परत चढते, त्यामुळे पीएच परत चढतो. महिनोन्महिने हेच चाललंय. अल्कलिनिटी जास्त असली की पीएच स्थिर राहतो हे ज्या पूलमध्ये आम्लधर्मी गोळ्या वापरतात तिथे खरं असतं, कारण तिथे पीएच खाली घसरायची भीती असते. आपल्याकडे पीएच घसरतच नाही, तो एकाच दिशेला जातो, वर. मग त्याला खाली पडण्यापासून वाचवायला सोडा कशासाठी घालायचा?

दुसरी तक्रार मोजमापाची. लॉगबुकात पीएचच्या रकान्यात ओळीने 8.2, 8.2, 8.2 लिहिलेलं आहे. तुम्हाला वाटेल चला, निदान स्थिर तरी आहे. तसं नाहीये. आपल्या किटमध्ये फिनॉल रेड, म्हणजे रंग बदलून पीएच दाखवणारं रसायन, आहे आणि त्याच्या रंगाच्या पट्टीवरचा शेवटचा गडद रंग 8.2 चा आहे, पाणी 8.2 असो की 8.6, बाटलीत दिसणार तोच रंग. म्हणजे त्या आकड्याचा खरा अर्थ "8.2 किंवा त्याच्याही वर" एवढाच होतो. शिवाय ज्या दिवशी क्लोरीन 10 पीपीएमच्या वर गेलेला असतो त्या दिवशी तेच रसायन जांभळट रंग दाखवून पीएच आहे त्याहून जास्त भासवतं, आणि ऑपरेटर घाबरून ॲसिडचा डबा उचलतो. अल्कलिनिटी तर स्ट्रिपवरच (पाण्यात बुडवून रंग बघायच्या कागदी पट्टीवर) बघितली जाते, तीही संध्याकाळी ट्यूबलाइटखाली, आणि स्ट्रिपवरच्या दोन हिरव्या छटांमध्ये 60 चा फरक असू शकतो. इतक्या ढोबळ मोजमापावर तुम्ही आख्खा पूल रिकामा करायचा निर्णय घेताय हे मला खरंच पटत नाही.

तिसरी तक्रार ॲसिड टाकायच्या पद्धतीची, आणि ही सुरक्षिततेची आहे म्हणून जास्त गंभीर. ऑपरेटरला कोणीतरी सांगितलंय की पंप बंद करून एकाच जागी सगळं ॲसिड ओतलं की फक्त अल्कलिनिटी उतरते आणि फिरत फिरत ओतलं की फक्त पीएच उतरतो. ही समजूत खोटी आहे. तेवढंच ॲसिड कुठेही आणि कसंही टाका, पाण्यात मिसळल्यावर दोन्ही आकड्यांवर होणारा परिणाम तोच. फरक पडतो तो तळाला, कारण ॲसिड पाण्यापेक्षा जड असतं, न मिसळता खाली बसतं आणि तिथलं सिमेंट खातं. विश्वास नसेल तर खोल बाजूच्या शिडीजवळ पाण्यात उतरा आणि पायाचा तळवा फिरवून बघा, बाकी तळ गुळगुळीत लागतो आणि तेवढा एक पट्टा सँडपेपरसारखा खरखरीत झालाय, खडीचे दाणे वर आलेत. ॲसिड ओतायची जागा नेमकी तीच आहे.

वेळेचंही तेच. सकाळी लहान मुलांची बॅच यायच्या थोडं आधी ॲसिड पडताना मी स्वतः पाहिलंय. ते पाण्यात नीट मिसळायला पंप चालू ठेवून निदान अर्धा तास तरी द्यायला हवा, आपल्याएवढ्या पूलला मी तर तासभर म्हणेन, आणि खरं तर हे काम रात्री पूल बंद झाल्यावरच व्हायला पाहिजे. आणि स्टोअरमध्ये ॲसिडचे कॅन आणि क्लोरीनच्या पावडरचा ड्रम शेजारी शेजारी ठेवलेत, मापाचा मग दोघांना एकच आहे. हे दोन एकत्र आले तर क्लोरीन वायू सुटतो, बंद खोलीत तो माणसाला जागेवर आडवा करू शकतो. ऑपरेटरकडे ना गॉगल ना हातमोजे. पूलचं बाकी काहीही ठरवा पण ही एक गोष्ट आजच्या आज बदला अशी हात जोडून विनंती आहे.

चौथी तक्रार सेलची. मशीन वारंवार बंद पडतं म्हणून ते बदलायला निघालात, पण ते का बंद पडतं ते कोणी उघडून बघितलं का? सेलच्या आतल्या पट्ट्यांवर पांढरा खडूसारखा थर बसतो, कॅल्शियम कार्बोनेटचा. पट्टीच्या अगदी लगतच्या पाण्याचा पीएच बाकी पूलपेक्षा खूप जास्त असतो त्यामुळे क्षार धरायचे झाले तर ते सगळ्यात आधी तिथेच धरतात. पाणी क्षार सोडणारं आहे की सिमेंट खाणारं आहे हे ठरवायला लँगेलिअर इंडेक्स नावाचा हिशोब 1936 पासून वापरात आहे, त्यात पीएच, तापमान, कॅल्शियम, अल्कलिनिटी आणि पाण्यात विरघळलेले एकूण क्षार एवढंच लागतं. उत्तर शून्याच्या आसपास आलं तर पाणी संतुलित. आपल्या पाण्याचा हिशोब मी 30 अंश तापमान आणि 350 पीपीएम कॅल्शियम हार्डनेस (पाण्यातल्या कॅल्शियमचं प्रमाण) धरून केला तर तो अधिक 1 च्या आसपास येतो, म्हणजे क्षार सोडायला पाणी टपलेलंच आहे. तेच पाणी, तेवढंच कॅल्शियम, पण अल्कलिनिटी 70 आणि पीएच 7.6 वर आणला की इंडेक्स जवळजवळ शून्यावर येतो. पाणी दुधाळ दिसतं तेही याच क्षारांमुळे, फिल्टर कितीही बॅकवॉश करा.

थर बसला की क्लोरीन कमी तयार होतो, मग मशीन 100 टक्क्यांवर लावून दिवसभर चालवलं जातं, त्याने बुडबुडे आणखी, पीएच आणखी वर, थर आणखी जाड. आणि हा थर काढायला काय वापरतात तर स्क्रू ड्रायव्हर. मी सेल हातात घेऊन बघितला, पट्ट्यांवर उभे आडवे ओरखडे आहेत, काही ठिकाणी खालचा चकचकीत धातू दिसतोय. त्या पट्ट्या टायटॅनियमच्या असतात आणि क्लोरीन बनवायचं काम त्यांच्यावरचा रुथेनियमसारख्या धातूंच्या ऑक्साइडचा पातळ लेप करतो, लेप गेला की सेल गेला. लेप न खरवडता थर काढायचा तर एक भाग ॲसिड चार भाग पाण्यात घालून (ॲसिड पाण्यात घालायचं, पाणी ॲसिडमध्ये कधीच नाही) त्यात सेल थोडा वेळ बुडवायचा, आणि तेही गरज पडली तरच, कारण दर वेळच्या ॲसिडनेही लेप थोडा झिजतोच. पाणी संतुलित असतं तर ही वेळ क्वचित आली असती.

एक छोटी गोष्ट, कारंजं. उथळ बाजूचं कारंजं शोभेसाठी दिवसभर चालू असतं. दिसायला छान आहे, मुलांना आवडतं, मलाही आवडतं, पण त्याने पाण्यातला कार्बन डायऑक्साइड झपाट्याने उडतो आणि पीएच चढतो. पुढे मी जो उपाय सांगणार आहे त्यात हेच कारंजं कामाला येईल, पण रोजच्या रोज सकाळ ते रात्र ते चालवायचं कारण नाही.

आता तुमच्या निर्णयाबद्दल. पूल रिकामा करून भरला की सगळं नव्याने सुरू होईल असं गृहीत धरलंय. ज्या पाण्याने पूल भरला जातो त्या नळाचं पाणी मी त्याच किटवर तपासलं, अल्कलिनिटी 220 आली. म्हणजे 180 चं पाणी फेकून 220 चं पाणी भरणार आहात! रोज उडून जाणाऱ्या पाण्याच्या जागी हेच पाणी पडतं, पाणी उडतं पण बायकार्बोनेट उडत नाही, ते मागेच राहतं आणि साठतं. त्यामुळे नळाच्या पाण्याची अल्कलिनिटी किती हे माहीत नसताना पूल बदलायची भाषा करणं म्हणजे रोग तसाच ठेवून पेशंटची खोली बदलण्यासारखं आहे.

फेकणार काय काय तेही मोजून बघा. आपला पूल साधारण 2 लाख लिटरचा आहे आणि मीठ 3200 पीपीएम, म्हणजे 640 किलो मीठ त्या पाण्यात विरघळलेलं आहे. ते खारट पाणी सोडणार कुठे? बागेत सोडलंत तर झाडं मरतील, जमीन खराब होईल. आणि पूल पूर्ण रिकामा करताना जमिनीखालच्या पाण्याचा दाब बघावा लागतो, खाली पाणी भरलेलं असेल तर रिकामी टाकी खालून उचलली जाऊन तिला तडे जातात. याचा कोणी विचार केलाय का, नोटिशीत तरी एक अक्षर नाही.

आणि गोळ्या. ट्रायक्लोरच्या गोळ्या आम्लधर्मी असतात, त्या पीएच आणि अल्कलिनिटी दोन्ही खाली ओढतात हे खरं, म्हणूनच एजन्सीला तो उपाय सोपा वाटत असणार. पण या गोळ्यांमधून 10 पीपीएम क्लोरीन दिला की सोबत 6 पीपीएम स्टॅबिलायझर म्हणजे सायन्युरिक ॲसिड पाण्यात जातं, आणि ते उडत नाही, खर्च होत नाही म्हटलं तरी चालेल, साठतच जातं. थोडं असावं, उन्हात क्लोरीन टिकायला ते लागतं, मिठाच्या पूलमध्येही आपण 60 च्या आसपास ठेवतो. पण ते फार वाढलं की तेवढाच क्लोरीन मंद पडतो, शेवाळ धरायला लागतं, आणि कमी करायचा व्यवहारात एकच मार्ग उरतो, पाणी काढून नवीन भरणे. म्हणजे आज एकदा पूल रिकामा करायचा आणि पुढे पुन्हा पुन्हा करत राहायचा. सॉल्ट सिस्टीम यातून आपल्याला वाचवतेय, ती काढू नका.

आरोग्याबद्दलही दोन शब्द. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनात क्लोरीनच्या पूलसाठी पीएच 7.2 ते 7.8 सांगितलाय. क्लोरीनचा जो प्रकार जंतू पटकन मारतो तो पीएच 7.5 ला साधारण निम्मा असतो आणि 8 च्या पुढे गेलं की पाव भागापेक्षाही कमी उरतो. स्टॅबिलायझर असलेल्या पाण्यात हा फरक थोडा बोथट होतो, तरी 8.2 किंवा त्याहून वरचं पाणी डोळ्यांना आणि कातडीला त्रास देतंच. मुलांचे डोळे लाल होतात त्याला क्लोरीन जास्त झाला म्हणून सेल कमी करायला सांगणारे पालकही मी ऐकलेत, त्यांनीही कृपया आधी पीएच विचारावा.

मग करायचं काय? उपाय जुना आणि माहितीतला आहे. ॲसिड टाकून पीएच 7.2 पर्यंत आणायचा, त्याखाली नाही. ॲसिडने पीएच आणि अल्कलिनिटी दोन्ही उतरतात. मग कारंजं चालू करायचं, पाणी परत येतं त्या जेटची तोंडं वर वळवायची म्हणजे पृष्ठभाग खळबळत राहील. हवेने पीएच परत चढतो पण अल्कलिनिटी चढत नाही, हेच या सगळ्याचं मर्म आहे. पीएच 7.6 ते 7.8 च्या वर गेला की परत ॲसिड, परत हवा. प्रत्येक खेपेला अल्कलिनिटी थोडी थोडी उतरत जाते, सुरुवातीला जास्त, नंतर कमी कमी. हिशोबासाठी सांगते, साधारण 31 टक्क्यांचं हायड्रोक्लोरिक ॲसिड 50 हजार लिटर पाण्यात 1 लिटर टाकलं की अल्कलिनिटी 10 पीपीएमने उतरते. आपल्या 2 लाख लिटरला 10 पीपीएमसाठी 4 लिटर. 180 वरून 80 वर यायला एकूण 40 लिटर, ते काही आठवड्यांत विभागून, प्रत्येक वेळी पाणी तपासून. तेही बादलीभर पाण्यात ॲसिड घालून, पंप चालू ठेवून, खोल बाजूच्या जेटसमोर हळूहळू. कोरडं ॲसिड म्हणून पावडर मिळते ती वापरू नका, तिने पाण्यात सल्फेट साठतं, आणि काही सेल बनवणारे त्याला स्पष्ट नाही म्हणतात. रात्री टाकलं तर पूल दिवसा एकही दिवस बंद ठेवायची गरज नाही, कारण सगळा वेळ पीएच 7.2 च्या वरच राहणार आहे.

80 ला पोचल्यावरही पीएच चढायचा पूर्ण थांबणार नाही हे आत्ताच सांगून ठेवते, म्हणजे नंतर कोणी म्हणायला नको. पण वेग खूप कमी होईल, ॲसिड कमी लागेल, सेलवर थर कमी बसेल. त्यानंतरही नळाचं 220 चं पाणी रोज पडतच राहणार, त्यामुळे थोडं ॲसिड कायम लागणार आहे, ते बजेटमध्ये धरा. 60 च्या फार खाली मात्र जाऊ देऊ नका, तिथे पाणी सिमेंटला त्रास द्यायला लागतं आणि पीएचला धरबंध राहत नाही. सेल 100 टक्क्यांवरून खाली आणायचा, स्टॅबिलायझर 60 ते 80 मध्ये ठेवला तर तेवढाच क्लोरीन टिकतो आणि सेल कमी तास चालवावा लागतो, म्हणजे बुडबुडेही कमी.

माझ्या मागण्या या आहेत. पूल रिकामा करायचा आणि सॉल्ट सिस्टीम काढायचा निर्णय दोन महिने पुढे ढकला आणि तेवढ्या काळात अल्कलिनिटी उतरवून बघा. सोडा टाकणं आजपासून बंद करा, भिंतीवरचा तक्ता काढून मिठाच्या पूलचे आकडे लावा, पीएच 7.2 ते 7.8, अल्कलिनिटी 60 ते 80. थेंब मोजायचं चांगलं किट घ्या, आणि पूलच्या पाण्याबरोबर नळाचं पाणीही महिन्यातून एकदा तपासून लॉगबुकात लिहा. ॲसिड आणि क्लोरीन वेगवेगळ्या खोल्यांत ठेवा, ऑपरेटरला गॉगल, हातमोजे आणि स्वतंत्र मग द्या, ॲसिड फक्त रात्री टाका. सेलला स्क्रू ड्रायव्हर लावायला मनाई करा. रोजचे आकडे पूलच्या दारावर पाटीवर लिहा, म्हणजे आम्हालाही बघता येतील. आणि एजन्सीला लेखी विचारा की ॲसिड आणि सोडा एकाच महिन्यात कशासाठी टाकत होतात, ते उत्तर सभासदांना दाखवा.

एक स्पष्ट करते, ऑपरेटरवर माझा राग नाही. तो त्याला सांगितलेलं करतोय, ॲसिडचे कॅन उघड्या हाताने उचलतोय, त्याला कोणीच नीट शिकवलेलं नाही. परवानगी दिलीत तर एका संध्याकाळी मी त्याच्याबरोबर बसून टेस्ट कशी करायची, ॲसिडचा हिशोब कसा काढायचा ते दाखवायला तयार आहे, पैसे नकोत. अल्कलिनिटी उतरवायच्या काळात रोजची तपासणी करायलाही मी येईन, माझं किट घेऊन. दोन महिन्यांत अल्कलिनिटी 80 च्या आत येऊनही पीएच असाच धावत राहिला, पाणी असंच दुधाळ राहिलं, तर सॉल्ट सिस्टीम काढायच्या ठरावाला माझी हरकत नसेल, हे मी लिहून देते.

पाणी सोडायची तारीख नोटिशीत पुढच्या सोमवारची आहे. त्याआधी समितीची मिटिंग बोलवा, मला दहा मिनिटं द्या, लॉगबुक आणि सेल दोन्ही टेबलावर ठेवा. आणि यातली कुठली मागणी मान्य, कुठली नाही आणि का नाही, ते लेखी कळवा.

आपली,
क्लबची एक सभासद